दुरुस्त केलेली आई

तुमच्या आईला तुम्ही शेवटचं कधी दुरुस्त केलंत?

ती 'हाये' म्हणाली आणि तुम्ही पाहुण्यांसमोर, हसत हसत, अगदी मायेनं 'आहे' म्हणालात, तो दिवस आठवतो का? नसेल आठवत. दुरुस्त करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. माझ्याही राहिलं नसतं. पण एका रविवारी सकाळी, सिंगापुरातल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, माझ्या आईनं माइकवर दोन शब्द उच्चारले आणि ते माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत. ती म्हणाली, "बकरी नव्हती."

बकरी होती. मी ती खोडली होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बाबा पोस्टात टपाल वेगळं करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. वस्तीला नळ हवा, विहाराच्या जागेवरचं अतिक्रमण हटवा, मुलांची शिष्यवृत्ती कुठे अडली ते सांगा. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत, फडताळात कागद म्हणून जुनी पत्रकं असत, आणि मी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'जाहीर' हा होता. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. आधी आली ती मागणी, निषेध आणि उपस्थित राहण्याची विनंती.

छापखान्यातून प्रूफ आलं की घरात शांतता व्हायची. बाबा दाराजवळच्या उजेडात बसून पत्रक मोठ्यानं वाचायचे, आई भाजी निवडत ऐकायची, आणि लाल पेन्सिल माझ्या हातात असायची. बाबा थांबले की मी पेन्सिल पुढे करायचे. घरात शब्दाला शिस्त होती. त्या शिस्तीमागे एक जखमही होती. बाबा नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या 'मले' आणि 'तुले'वर ऑफिसात हसत. त्या हसण्यात फक्त गाव नव्हतं, आमची जात होती. म्हणून बाबांनी ठरवलं की आमच्या घरात पुस्तकातलं मराठी बोलायचं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. वस्तीतली सगळी पोरं आईला 'माय' म्हणत. आम्ही दोघं भावंडं 'आई' म्हणायचो. आईला मात्र ही शिस्त कधी पूर्ण लागली नाही. तिचं वऱ्हाडी घरात मांजरासारखं फिरायचं. पुढच्या दारानं हाकललं की मागच्या दारानं आत.

पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी "मी जेवण करून राह्यली" म्हणाले. एक मुलगी म्हणाली, "कित्ती गोड! परत म्हण ना!" मी परत म्हटलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत म्हटलेलं नाही. हा मजकूरसुद्धा मी कोणत्या भाषेत लिहिते आहे ते तुम्ही पाहताच आहात.

आता मी सिंगापुरात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत चाचणी विभागात काम करते आणि तिथून दोन स्टॉपवर दादा-वहिनीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. दादा चांगीला एका बँकेच्या ऑफिसात जातो. वहिनी पुण्याची आहे. त्यांची मुलगी, माझी भाची, प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत आहे. शाळेत प्रत्येक मुलाला एक 'मदर टंग' घ्यावी लागते. उपलब्ध भाषांत मराठी नाही, म्हणून हिची मातृभाषा हिंदी झाली. घरात ती इंग्रजी बोलते, शेवटी इथला 'लाह' लावून. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा करारच होता.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली, आणि हा करार मोडला. कारण आईला इंग्रजी येत नाही, आणि भाचीला शाळेतून आणायला-पोचवायला आईच जाऊ लागली. मी एकदा लवकर सुटले होते. बस स्टॉपच्या मागून चालत येताना मला दोघी दिसल्या.

"आजी, बस येऊन राह्यली लाह! फास्ट फास्ट!"

"धावू नको वं, पडशीन! बस काय पळून जाते?"

"जाते! ड्रायव्हर अंकल वेट नाई करत."

"मंग जाऊ दे त्याले. दुसरी येईन. त्यायच्या बसा काय कमी हायेत?"

मी खांबामागे थांबले. 'येऊन राह्यली.' जो शब्द मी पुण्यात गिळला होता तो आंग मो किओच्या बस स्टॉपवर, शाळेच्या निळ्या पिनाफोरच्या गणवेशात, माझ्यासमोर उड्या मारत होता. दोघींची देवाणघेवाण चालली होती. आईनं 'लाह' उचलला होता. "जेवून घे लाह," असं ती मला म्हणायची आणि वर समजावून सांगायची, "त्यायचं लाह म्हंजे आपलं वं. लाडात लावाचं असते."

भाचीला सगळ्यात आवडायची ती बकरीची गोष्ट. रोज हवी असायची. व्हॉइड डेकवर, म्हणजे आमच्या इमारतीच्या खाली जी मोकळी जागा असते तिथल्या दगडी स्टुलावर बसून, तिला चीजचा तुकडा भरवत आई सांगायची. आई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. वस्तीत नळ यावा म्हणून मोर्चा निघायचा होता. बाबांनी पत्रकांचा गठ्ठा आणून ओसरीत ठेवला आणि ते कामावर गेले.

"मी गेली पाणी आणाले. इकडं बकरी आली न् गठ्ठाच चघळून राह्यली! अर्धा मोर्चा खाल्ला वं तिनं! तुह्ये आजोबा येऊन पाह्यतात त काय, बकरीच्या तोंडातून 'बंधू-भगिनींनो' लोंबून राह्यलं!"

इथे भाची हसून हसून खाली बसायची. मग स्वतःच बकरी व्हायची, शाळेचं एखादं सर्क्युलर दातात धरायची. "मंग, आजी? मंग?"

"मंग काय? तुह्या आजोबानं डोक्शाले हात लावला. म्या म्हतलं, कायले घाबरता? मले सारं पाठ हाये. अन् गेली घरोघरी. उंबऱ्यात उभी राहून सांगतलं, बायाहो, सोमवारी कोणी कामाले जाऊ नका, कचेरीवर चाला, नळ पाह्यजे का नाई? ज्यायच्या घरी कागद गेला ते आले नाईत. ज्यायच्या घरी मी गेली त्या साऱ्या आल्या!"

ती हे सांगताना अशी बसायची की दगडी स्टूल उंबरा व्हायचा.

याच दिवसांत आमच्या मंडळानं मायबोलीचा कार्यक्रम ठरवला. मंडळ म्हणजे इथली आमची बौद्ध कुटुंबं, इंजिनिअर, संशोधक, त्यांच्या बायका, त्यांची इंग्रजी बोलणारी मुलं. रविवारी वंदना होते, मग जेवण. या वेळी इतर मराठी मंडळींनाही बोलवायचं होतं. पत्रक अर्थातच मी लिहिलं. मथळा होता 'भाडेकरू होऊ नका!' आत लिहिलं होतं, 'ज्याची भाषा गेली तो आपल्याच आयुष्यात भाडेकरू होतो. आपल्या मुलांना शब्द द्या, उच्चार द्या, अभिमान द्या!' दादानं ते वाचलं आणि म्हणाला, "अगं, इथे आपण सगळे भाडेकरूच आहोत. माझ्या एजंटला पाठव, खूश होऊन भाडं वाढवेल."

मी चिडले. मला त्या वेळी जग बदलायचं होतं आणि दादाला जेवायचं होतं.

पाहुणी म्हणून बोलायला मी माझ्या ऑफिसातल्या सहकारिणीला गाठलं. ती मेक्सिकोची, ओआहाका नावाच्या राज्यातल्या डोंगरातल्या एका गावची. तिची मातृभाषा झापोतेक. हे कळल्यापासून मी तिच्या मागेच लागले होते. झापोतेक! स्पॅनिश राज्याखाली शतकानुशतकं तगलेली भाषा! माझ्या पत्रकाला याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार? हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्स खाताना मी तिला विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

"मी भाषण नाही करणार," ती म्हणाली.

"का? तुमची भाषा धोक्यात आहे. तू बोललं पाहिजेस."

"मला झापोतेकमध्ये भाषण येतच नाही. त्या भाषेत मी फक्त ओरडा खाल्लाय."

"मग ते सांग."

"सांगू काय? ऐकवते. आईला फोन लावते. इथली सकाळ म्हणजे तिची रात्र, ती घरीच असते. तिला झापोतेकमध्ये ओरडू दे."

मग तिनं मला सावध केलं. झापोतेक म्हणून एकच भाषा नाही. तिच्या डोंगराची वेगळी, पलीकडच्या खोऱ्यातली वेगळी. तिथली म्हातारी बोलायला लागली तर हिला स्पॅनिशवर यावं लागतं. मी विचारलं, "मग शुद्ध कोणती?" तिनं नूडल्समधून मान वर केली आणि मला प्रश्नच कळला नसल्यासारखी बघत राहिली. मला वाटलं, हिचं इंग्रजी कमी पडतंय.

आईनं बोलावं हीसुद्धा माझीच कल्पना. चळवळीतली बाई, पोस्टातल्या कार्यकर्त्याची पत्नी, सिंगापूरच्या व्यासपीठावर! आई म्हणाली, "मी काय बोलू? बकरीचं सांगू?" मी म्हणाले, "तेच, पण नीट."

नीट. काय शब्द आहे हा! या शब्दानं आमची किती माणसं गप्प केली असतील.

मी तिची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली आणि लिहून काढली. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फंक्शन रूम होती, पुढच्या रांगेतले पुण्या-मुंबईचे पाहुणे होते आणि त्यांच्यामागे होस्टेलवरची ती मुलगी होती, परत म्हण ना म्हणणारी. मी आईचं 'मले' काढलं. 'राह्यलं' काढलं. मग वाटलं, मोर्चाची गोष्ट आणि मध्येच बकरी? लोक हसतील. आमच्या लढ्यावर हसतील. बकरी काढली. शेवटी जे उरलं ते असं होतं: 'त्या काळी साधनांचा अभाव होता. पत्रके अपुरी पडल्यामुळे मी मौखिक प्रचाराची जबाबदारी स्वीकारली. पाण्याच्या न्याय्य हक्कासाठी वस्तीतील महिला मोठ्या संख्येने एकत्र आल्या.'

पत्रके अपुरी पडल्यामुळे. एवढ्या तीन शब्दांत मी ती बकरी पुरली.

आईला अडखळत वाचता येतं, म्हणून मी वाचून दाखवायचं आणि तिनं पाठ करायचं. ती पाठ करण्यात वाकबगार. स्वयंपाक करताना पुटपुटायची, "न्याय्य, न्याय्य." एकदा म्हणाली, "हे मीच केलं का वं? लय मोठ्या बाईचं वाटते." मला तो कौतुकाचा उद्गार वाटला. मी म्हणाले, "'खूप' म्हण, आई." तिनं म्हटलं, "खूप मोठ्या बाईचं वाटतं." मी तिची पाठ थोपटली. आईची पाठ, मी!

रविवार उजाडला. वंदना झाली, मुलांनी नाच केला, मी माझं पत्रक वाचून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. मग माझी सहकारीण पुढे आली. तिनं "नमस्कार" म्हटलं आणि सरळ फोन लावून स्पीकर माइकला टेकवला. पलीकडून कुत्र्याचं भुंकणं आलं आणि त्याच्यावर चढलेला एका बाईचा आवाज. ती जी सुटली ती थांबेचना. सहकारीण मध्ये मध्ये इंग्रजीत सांगत होती. आई विचारतेय, इतके दिवस फोन का नाही. आई म्हणतेय, गावाच्या रस्त्याच्या कामाला या वेळीही तुझ्या जागी काकाच गेला, त्याची कंबर धरलीये, तू कधी येणार. तिनं आम्हाला समजावलं की त्यांच्या गावात प्रत्येक घरानं आळीपाळीनं गावासाठी विनामोबदला राबायचं असतं, गावाच्या बैठकीत कामं वाटली जातात, आणि ती बैठक झापोतेकमध्येच चालते. पाळी चुकवली की माणूस हळूहळू गावातून वजा होतो. मग पलीकडच्या आवाजानं अचानक काहीतरी विचारलं आणि ही लाजली.

"ती विचारतेय, हसण्याचा आवाज कसला येतोय. मी सांगितलं, लोक बसलेत. ती म्हणते, आधी नाही का सांगायचं, मी केस तरी विंचरले असते."

हॉल हसून कोसळला. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळ्या बायकांना सगळं कळत होतं. शेवटी त्या आईनं विचारलं, सगळे जेवले का, आणि आमच्या मंडळातल्या बायका मराठीत ओरडल्या, "अजून नाही!"

त्यानंतर मी माझ्या आईला पुढे बोलावलं.

आईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. ती माइकसमोर ताठ उभी राहिली. हात जोडले आणि सुरू झाली, "त्या काळी साधनांचा अभाव होता." एकही चूक नाही. 'न्याय्य' तर असा म्हणाली की बाबांनी ऐकलं असतं तर... काय केलं असतं, ते मला आता खात्रीनं सांगता येत नाही. आवाज तिचा नव्हता. सपाट होता, सरकारी सूचनेसारखा. लोक आदरानं ऐकत होते. आदर म्हणजे काय असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. लोक मांडीवर हात ठेवून बसतात आणि डोळे घड्याळाकडे जातात.

"पत्रके अपुरी पडल्यामुळे," आई म्हणाली, आणि पुढच्या चटईवर बसलेली माझी भाची उठून उभी राहिली.

"आजी! बकरी कुठी गेली?"

लोक हसले. त्या हसण्यात कसलाही विखार नव्हता, लहान मूल काहीतरी बोललं म्हणून ते हसले. आई थांबली. तिनं भाचीकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीशी उभी होते आणि मी मान हलवली, नकारार्थी, इतकीशीच. मी हे केलं. मला वेळ होता, मी हसू शकत होते, 'सांग ना बकरीचं' म्हणू शकत होते. मी मान हलवली.

"बकरी नव्हती," आई म्हणाली. "पत्रके अपुरी पडली."

"होती!" भाची म्हणाली. "तू सांगतलं! आजी, यू सेड!"

वहिनीनं तिला ओढून मांडीवर घेतलं, तशी ती रडायला लागली. आईनं उरलेलं भाषण न चुकता पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. एक पाहुण्या मला म्हणाल्या, "तुमच्या आई किती शुद्ध बोलतात हो! वाटत नाही तिकडच्या."

मी त्यांना "थँक्यू" म्हणाले.

जेवणाच्या रांगेत सहकारिणीनं विचारलं, "ती छोटी का रडत होती?" मी तिला बकरीचं सांगितलं, आणि मी ती खोडली तेही. ती आधी खो खो हसली, मग तिचं हसू विरत गेलं. म्हणाली, "माझ्या भावाची मुलं स्पॅनिश बोलतात. माझी आईही त्यांच्याशी स्पॅनिशच बोलते, मोडकं, नाहीतर ती हसतात. आज मी तिला बजावलं होतं, फोनवर झापोतेकच बोल. म्हणजे तालीम मीही घेतली होती." मग प्लेटमध्ये भात वाढून घेत म्हणाली, "काय बोलायचं ते मात्र नव्हतं सांगितलं."

ती सहज म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

मला वाटलं होतं, कार्यक्रम संपला की तालीमही संपेल. तसं झालं नाही. आईनं ते मराठी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी भाचीला शाळेतून आणल्यावर ती म्हणाली, "हात धुऊन घे. मग जेवायला बस." भाचीनं तिच्याकडे चमकून पाहिलं. "आजी, वाय यू टॉक लाइक टीचर?" आईला ते कळलं नाही, पण 'टीचर' कळलं, आणि ती थोडी सुखावल्यासारखी हसली. वहिनी मनापासून म्हणाली, "आईंची भाषा किती सुधारली हो! तुमच्याकडे बघून शिकल्या." आई म्हणाली, "हो. शिकले मी."

'शिकले'. 'शिकली' नाही.

आठवडाभरात भाची परत इंग्रजीवर आली. बस स्टॉपवर "बस कमिंग" म्हणू लागली. आई नुसती मान डोलवायची. व्हॉइड डेकवर दोघी शेजारी बसायच्या, आई चीज भरवायची, भाची खायची. एकदा आईनं स्वतःहून विचारलं, "गोष्ट सांगू का?" भाची म्हणाली, "विच वन?" आणि आईनं तिला सिंहाची आणि उंदराची गोष्ट सांगितली, जी जगातल्या कुठल्याही आजीला सांगता येते.

माझ्याच्यानं राहवेना. एका दुपारी आई ओट्याशी कणीक मळत होती. मी जाऊन म्हणाले, "आई, पहिल्यासारखं बोल ना. आपलं बोल."

"आपलं कोणतं?" तिनं विचारलं. कुत्सित नव्हतं ते. तिला खरंच विचारायचं होतं.

"वऱ्हाडी."

"आता ते तुला चालेल का?"

ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "तुझे बाबा पत्रक वाचून दाखवायचे ना, ते मलाच दाखवायचे. मला कळलं नाही की थांबायचे आणि खोडायचे. तू पेन्सिल द्यायचीस."

मी द्यायचे. लाल पेन्सिल मीच द्यायचे. आई निवडता निवडता भुवई चढवायची, बाबा म्हणायचे, "नाही कळलं? थांब, सोपं करतो," आणि हात माझ्याकडे पसरायचे. हे सगळं मी पाहिलेलं आहे. आमच्या घरात प्रूफ आईच्या कानाला लावून तपासलं जायचं. मला त्यातली फक्त पेन्सिल लक्षात राहिली.

"बाबांनी बकरी ठेवली असती," मी म्हणाले.

"कोण जाणे," आई म्हणाली. "तेही लाजायचे. ती गोष्ट त्यांनी मला चारचौघांत कधी सांगू दिली नाही. पहिल्यांदा मी तिलाच सांगितली, इथे." तिला, म्हणजे नातीला. एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिनं सात समुद्रांपलीकडे एका दगडी स्टुलावर बाहेर काढली होती, आणि मी ती परत आत ढकलली होती. आणि हे सगळं ती मला 'मला', 'नाही', 'सांगितली' असं सुबक बोलून सांगत होती. तिचा एकेक निर्दोष शब्द माझ्यावर पडत होता. तिनं एकदा ओरडावं असं मला वाटत होतं, त्या मेक्सिकोतल्या आईसारखं, केस न विंचरता. ती ओरडली नाही. म्हणाली, "पोळी गरम खातेस का?"

थोड्याच दिवसांत तिचा व्हिजिट पास संपला आणि ती परत गेली. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. पहिले काही रविवार मी भाचीच्या शेजारीच बसायचे. आई स्क्रीनवर दिसली की म्हणायची, "कशी आहेस बाळा? अभ्यास करतेस ना?" भाची म्हणायची, "यस आजी." आई म्हणायची, "छान." मग दोघी माझ्याकडे बघायच्या, आता काय असं विचारल्यासारख्या.

एका रविवारी मी पाणी प्यायला आत गेले. भाचीच्या हातून फोन घसरला आणि आतून मला ऐकू आलं, "अवं पोट्टी, पाडशीन त्याले!" मी ग्लास घेऊन बाहेर आले. स्क्रीनवर मी दिसले असेन. आई लगेच म्हणाली, "फोन नीट धर हं."

तेव्हा मला कळलं की अडसर कुठे आहे. तो खोलीत उभा होता आणि त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मी पत्रकं लिहून, कार्यक्रम घेऊन, पाहुणे बोलावून भाषा वाचवायला निघाले होते. माझ्या आईची भाषा वाचवण्यासाठी मला एकच गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती म्हणजे तिथून निघून जाणं. हे लिहिताना मला लाज वाटते. लाज वाटू द्यावी, असं मी ठरवलं आहे. त्या लाजेवर पत्रक काढणार नाही.

आता कॉल लागला की मी चपला घालते आणि लिफ्टनं खाली येते. व्हॉइड डेकवरच्या त्या स्टुलावर बसते. समोर एक आजोबा रेडिओ लावून पेपर वाचतात, मुलं स्कूटर फिरवतात. वर आमच्या खिडकीतून काहीही ऐकू येत नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच मी खाली आलेली असते.

गेल्या रविवारी भाची मला बोलवायला खाली आली. स्टुलावर माझ्या शेजारी टेकली.

"आत्या, आजी सेज, सगळं नाई खाल्लं तिनं. हाफ ओन्ली."

"कुणी?"

"बकरी लाह!" ती म्हणाली, माझ्या अडाणीपणाला कंटाळून.

म्हणजे बकरी होती. परत आली होती. आई तिला किती वऱ्हाडीत सांगते, ही किती इंग्रजीत ऐकते, 'राह्यली' अजून शिल्लक आहे की गेली, हे मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं. पण तो प्रश्न म्हणजे पुन्हा तीच पेन्सिल.

तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणीतरी आहे, जे तुमच्यासमोर जपून बोलतं आणि तुम्ही नसताना खरं बोलतं. आई असेल, सासू असेल, गावाकडून आलेला काका असेल. या रविवारी त्यांना घरातल्या लहान मुलाशी फोन जोडून द्या, किंवा दोघांना एकत्र बसवा. ऐकायला थांबू नका. चपला घाला, दार ओढून घ्या आणि खाली जा. बोलावणं येईपर्यंत वर येऊ नका.